नवा सभासद

वर्ध्यासारख्या गावी गोल्फ-क्लबाची गोष्ट काढावी म्हणजे श्रोत्यांनी एकमेकांकडे पाहून हसावे, हे साहजिकच आहे. कापूस, रेल्वेचे जंक्शन आणि सेवाग्राम ही आपली ओळख. हिरवळीवर लहानसा चेंडू दांड्याने टोलवीत भोकात घालण्याच्या खेळाशी इथल्या काळ्या जमिनीचा संबंध काय? खेळाशी संबंध नाही हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु क्लब असो, देवालय असो की आश्रम असो, दारात नवा माणूस येऊन उभा राहिला म्हणजे आत बसलेल्यांचे काय होते, हा प्रश्न सर्वत्र एकच आहे. आणि त्याला वर्ध्यात जी उत्तरे मिळाली ती क्लबांच्या उत्तरांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

प्रथम क्लबांचीच रीत पाहू. कलकत्त्याचा गोल्फ-क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतका जुना गोल्फ-क्लब दुसरा नाही. मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा, यॉट क्लब १८४६ चा, जिमखाना १८७५ चा. या संस्थांत शिरण्याची पद्धत विलायतेहून जशीच्या तशी आली होती. नव्या इसमाचे नाव एका सभासदाने सुचवावे, दुसऱ्याने अनुमोदावे, ते काही दिवस फळ्यावर लागावे आणि मग मतदानाची पेटी फिरावी. पेटीत ज्याने त्याने गोळी टाकावयाची. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कोठे एका काळ्या गोळीने, कोठे दोन-चार गोळ्यांनी उमेदवार बाद होई. कोणी टाकली हे कोणालाच कळत नसे आणि कारण विचारण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच सभासद त्याच उमेदवाराशी रस्त्यात हसून बोलू शकत! माणसाला नाकारण्याचे इतके सभ्य यंत्र दुसरे कोणी काढले असेल असे वाटत नाही.

हिंदी माणसाला तर पुष्कळ ठिकाणी ही पेटीही पाहावयास मिळत नसे, कारण त्याचे नाव फळ्यावर लागण्याचाच प्रश्न नव्हता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी आपल्या हिंदी पाहुण्यांना एका क्लबात नेले असता त्यांना मज्जाव झाला आणि त्या रागातून विलिंग्डन क्लब निघाला, अशी हकीकत सांगतात. हकीकतीचा तपशील कसाही असो, १९१८ साली निघालेल्या त्या क्लबाचे दार युरोपियन आणि हिंदी अशा दोघांनाही उघडे होते, आणि त्याला गोल्फचे मैदानही आहे. मात्र तेथे शिरणारे हिंदी लोक कोण होते, हेही पाहिले पाहिजे. राजे, गिरणीमालक, बॅरिस्टर! रंगाची अट गेली, ऐपतीची राहिली.

आता याच क्लबांच्या जगातला एक मराठी माणूस घेऊ. पळवणकर बाळू, जन्म १८७६, जात चांभार. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात हा मुलगा मैदान राखण्याच्या नोकरीला होता. साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाज लागे, म्हणून बाळूच्या हाती चेंडू आला. बॅट मात्र आली नाही. तासन्‌तास गोलंदाजी करून हा डावखुरा फिरकी गोलंदाज असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू संघालाही त्याची गरज भासू लागली. तेथे त्याला घेतले. म्हणजे मैदानावर घेतले. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू आत पेल्यांतून चहा पीत आणि बाळूला तो बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे. त्याने टाकलेला चेंडू ब्राह्मणाच्या हातात गेला तर विटाळ नाही, त्याच्या हातचा पेला मात्र चालत नाही! धर्मशास्त्राचा हा कोणता अध्याय, हे आम्हांला आजवर सापडलेले नाही.

पुढे बाळू मुंबईस हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, त्यात त्याच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. तो सामना झाला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, जेथे विजेत्यांपैकी एकालाही सभासद होता आले नसते. १९११ साली तो इंग्लंडला गेला. इतके होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. बाळूने प्रवेश मिळवला तो उपयोगी पडून. ज्या दारात गरज संपली त्याच दारात स्वागतही थांबले. (हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभा राहिला आणि हरला. ती कथा वेगळी आहे, येथे नको.)

क्लबाच्या चहापासून वर्ध्याच्या देवळापर्यंतची वाट वाटते तितकी लांब नाही. पेल्याचा जो विटाळ पुण्यात होता तोच गाभाऱ्याचा विटाळ येथे होता. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर शेठ बच्छराजांनी बांधविलेले. त्यांच्या घरी दत्तक आलेले जमनालाल बजाज यांना ते अस्पृश्य गणलेल्यांना खुले करावयाचे होते. एखाद्या धनिकाने आपल्या घराण्याच्या देवळाचे कुलूप एका सकाळी काढून टाकावे, इतके हे सोपे नव्हते. देवळाला विश्वस्त होते, त्यांची समजूत घालावी लागली. सनातनी मंडळींचा विरोध उघड होता. अखेर जुलै १९२८ मध्ये मंदिर सर्वांना खुले झाले आणि विनोबांच्या बरोबर नवे दर्शनार्थी आत गेले. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, पाच वर्षे चालला आणि तरीही ते दार उघडले नाही. या दोहोंच्या मध्ये वर्ध्याची तारीख येते, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिचे मोल कळते.

आणि तरीही, देवळाचे दार उघडणे हे त्यातल्या त्यात स्वस्त काम, असे आम्ही म्हणू. देव कोणाच्या घरी जेवावयास येत नाही. खरा खर्च पडला तो जमनालालांनी आपल्या विहिरी खुल्या केल्या आणि पंगतीतला भेद मोडला तेव्हा. मग त्यांच्या जातीने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. दुसऱ्याला आत घेणारा माणूस स्वतःच बाहेर पडला! क्लबाच्या इतिहासात हे क्वचितच घडते. तेथे नव्याला आत घेतल्याने जुन्याचे काही जात नाही, झालाच तर वर्गणीत फायदा होतो.

आश्रमाची गोष्ट आणखी निराळी, कारण तेथे स्वयंपाकघर आणि विहीर यांवाचून दुसरी जागाच नाही. गांधीजींनी मे १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम काढला आणि काही महिन्यांतच दूदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी असे एक अंत्यज कुटुंब तेथे राहावयास आले. विहिरीवर मोट हाकणारा माणूस शिव्या देऊ लागला. देणगीदारांनी हात आखडले. घरातही कुरबूर झाली, खुद्द कस्तुरबांना ते रुचले नव्हते. गांधीजींनी हे सारे आत्मकथेत लिहून ठेवले आहे, काही लपविलेले नाही. कुरबूर झाली ती तोंडावर झाली आणि तिला तोंडावरच उत्तर मिळाले, एवढे येथे लक्षात घ्यावे.

एकवीस वर्षांनी हेच गांधीजी आमच्या जिल्ह्यात स्वतः नवे उमेदवार होऊन आले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावास पोचले. (विदर्भात रेल्वेवरचे दुसरे शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले.) गावच्या वृद्ध पाटलांनी त्यांचे स्वागत केले, पण त्याच तोंडाने स्पष्ट सांगितले की शिवाशिव सोडणे काही आपल्याच्याने होणार नाही. आम्हांला हा पाटील फार आवडतो. त्याच्या हाती काळी गोळी होती, ती त्याने पेटीत न टाकता पाहुण्याच्या हातावर ठेवली. पाहुणा तेथेच राहिला, पाटीलही तेथेच राहिला, आणि वाद चालू राहिला.

एकट्याने राहावे म्हणून आलेल्या गांधीजींभोवती लवकरच आश्रम उभा झाला. तेथे येणाऱ्याला वर्गणी नव्हती, अनुमोदक नव्हता. परंतु अटी नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. एकादश व्रते होती, सूत कातणे होते, संडास-सफाई होती. गोल्फ-क्लबाच्या अटींपेक्षा या अटी पुष्कळ कडक आणि पुष्कळांना त्या झेपत नसत. फरक इतकाच की त्या जुन्यालाही रोज पाळाव्या लागत.

या आश्रमाची सर्वांत कठीण परीक्षा परचुरे शास्त्र्यांनी घेतली. संस्कृताचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आणि कुष्ठरोगी. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगावर आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते आणि भीती केवळ अडाण्यांची नव्हती. आश्रमात बायका होत्या, मुले होती. एकट्या महात्म्याने आपल्या औदार्यासाठी दुसऱ्यांची मुले धोक्यात घालावीत काय? हा आक्षेप क्षुद्र नव्हता आणि गांधीजींनीही तो क्षुद्र मानला नाही. विचार करून शास्त्रीबुवांना ठेवून घेण्याचे ठरले. त्यांच्यासाठी जवळच झोपडी बांधली आणि गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळू लागले. पुढे शास्त्रीबुवा मनोहर दिवाणांनी १९३६ साली सुरू केलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामात गेले. ती झोपडी परचुरे कुटी म्हणून आजही आश्रमाच्या आवारात आहे; बापूकुटी पाहून परतणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तेथवर जात नाहीत.

आता शेवटी पुन्हा गोल्फकडे. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजचा क्लब १७५४ सालचा. स्त्रियांना सभासद करून घ्यावयाचे हे त्याने २०१४ साली ठरविले. म्यूरफील्डच्या क्लबाने २०१६ साली त्याच प्रश्नावर मत घेतले, तेव्हा शंभरातले चौसष्ट अनुकूल होते. पण नियम दोन-तृतीयांशाचा, म्हणून ठराव पडला. लागलीच त्या मैदानावरील मोठ्या स्पर्धेचा मान काढून घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ठराव पास झाला. एका वर्षात इतक्यांचे हृदयपरिवर्तन कसे झाले, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

वर्ध्याहून काही मैलांवर, पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले ते स्त्रियांसाठी. संन्यास आणि ब्रह्मविद्या यांची दारे परंपरेने स्त्रियांना बहुधा बंदच होती. येथे त्यांना आत घेण्याचा प्रश्न आला नाही, घरच त्यांचे झाले. त्या घराचा कारभार मतमोजणीवर चालत नाही. चौसष्ट पुरत नाहीत, नव्व्याण्णवही पुरत नाहीत. सर्वांची संमती लागते. म्हणजे काळ्या गोळीचीच ताकद येथे प्रत्येकीच्या हाती आहे. मात्र नकार देणारीला तो सगळ्यांच्या देखत, आपल्या तोंडाने सांगावा लागतो. आणि मग सगळ्याजणी पुन्हा बोलावयास बसतात.