सामाईक विधी प्रवेश परीक्षा

सामाईक विधी प्रवेश परीक्षा (क्लॅट) ही भारतातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी घेतली जाणारी परीक्षा आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत तिच्याद्वारे प्रवेश होतो. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्वतंत्र परीक्षा घेते.

इतिहास

पूर्वी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी असल्याने विद्यार्थ्यांवर शुल्काचा व प्रवासाचा भार पडे. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये याचिका दाखल झाली व २००८ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. २०१७ मध्ये स्थापन झालेला विद्यापीठांचा संघ आता तिचे आयोजन करतो.

स्वरूप

पदवी परीक्षेत दोन तासांत १२० बहुपर्यायी प्रश्न असतात. चुकीच्या उत्तरास ०.२५ गुण वजा होतात. इंग्रजी, चालू घडामोडी, विधी तर्क, तार्किक क्षमता व अंकगणित हे तिचे विभाग आहेत. २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर आधारित असल्याने तयारीत पाठांतरापेक्षा जलद व सूक्ष्म वाचनाला महत्त्व आहे. कायद्याचे पूर्वज्ञान आवश्यक नसते.

भाषा

परीक्षा केवळ इंग्रजीत होत असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना ती अधिक कठीण जाते. महाराष्ट्र शासनाची विधी प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते.

पदवीनंतर

वकिलीसाठी राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निर्णयानुसार खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येत नाही. २०२५ च्या निर्णयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली अनिवार्य केली. त्यामुळे पदवीनंतर लगेच न्यायाधीशपदाची परीक्षा देण्याचा मार्ग बंद झाला.