चौथ्या अंकाचे कोडे

'पुढील कथेतील उत्कर्षबिंदू स्पष्ट करा.' साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो. प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक कथेला एक शिखर असते, ते एका नेमक्या जागी असते आणि तेथे संघर्ष पराकोटीला पोहोचतो, हे ते गृहीत. ही कल्पना कोठून आली आणि आपल्याच परंपरेतील एका सर्वमान्य नाटकावर ती कितपत बसते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

शिखराचे हे चित्र फार जुने नाही. गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये नाट्यतंत्रावरील आपल्या ग्रंथात ते रेखाटले. प्रास्ताविक, चढण, शिखर, उतरण आणि अखेरचा विनाश असा त्याचा त्रिकोण. सोफोक्लीज, शेक्सपिअर, शिलर यांची नाटके त्याच्यासमोर होती आणि त्या नाटकांपुरता तो उपयोगीही आहे. ॲरिस्टॉटलने गाठ बसणे आणि गाठ सुटणे यांविषयी लिहिले, दैवाच्या उलट्या फेऱ्याविषयी आणि ओळख पटण्याविषयी लिहिले. पण त्रिकोण काही काढला नाही. ज्या ग्रीक शब्दावरून 'क्लायमॅक्स' आला त्याचा अर्थ शिडी, आणि अलंकारशास्त्रात तो पायरीपायरीने चढत जाणाऱ्या वाक्यरचनेला लावीत. शिडीला एकच एक टोक महत्त्वाचे नसते, सगळ्या पायऱ्या महत्त्वाच्या असतात.

आपल्याकडे प्रतिमा निराळ्या होत्या. भरताच्या परंपरेतील पाच संधी म्हणजे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. कथानकाच्या अर्थप्रकृती बीजापासून सुरू होतात आणि नायकाच्या कार्याची शेवटची अवस्था म्हणजे फलागम. सगळी भाषा शेतीची आणि प्रसूतीची. मधल्या गर्भसंधीत फळ हाती येते, निसटते, पुन्हा शोधले जाते. गंमत अशी की 'बिंदू' हा शब्दही या यादीत आहे. टीकाकार त्याचा खुलासा पाण्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबाने करतात: जो पसरत जातो आणि तुटलेले कथासूत्र जोडून ठेवतो तो बिंदू. मराठी समीक्षेने 'उत्कर्षबिंदू' हा शब्द योजला तेव्हा पसरणारा थेंब आटून भूमितीतला टिंब झाला.

आता शाकुंतल. या नाटकाचे सात अंक आणि त्यांतला मधला चौथा. रसिकपरंपरेने सर्वांत श्रेष्ठ मानलेला अंकही तोच. फ्रायटागच्या दृष्टीने मध्यावर शिखर हवे, म्हणून हिशेब जुळला असे वाटेल. परंतु या अंकात घडते काय? एक मुलगी सासरी जाते. झाडे तिला वस्त्रालंकार देतात, हरणाचे पाडस पदर ओढते, कण्वासारख्या विरक्ताचा कंठ दाटून येतो. कोणाचा कोणाशी झगडा नाही, कोणताही निर्णय पणाला लागलेला नाही. जे निर्णायक आहे ते, म्हणजे दुर्वासाचा शाप, अंकाच्या आधीच्या विष्कंभकात उरकलेले आहे. आणि तेही रंगमंचावर नव्हे, नेपथ्यातून. फुले वेचणाऱ्या दोन सख्या तो ऐकतात. जिच्यासाठी तो उच्चारला ती शकुंतला राजाच्या विचारात हरवलेली; तिच्या कानी तो पडतच नाही. सख्याही तो तिला सांगायचा नाही असे ठरवतात.

याला कालिदासाचे अज्ञान म्हणता येणार नाही, कारण महाभारताच्या आदिपर्वात त्याला एक तयार शिखर मिळालेले होते. तेथे शाप नाही, अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन भर सभेत येते, दुष्यंत तिला ओळखूनही नाकारतो, ती पत्नी, पुत्र आणि सत्य यांविषयी राजाला खडे बोल सुनावते आणि अखेर आकाशवाणी तिची साक्ष देते. आजच्या कोणत्याही पटकथाकाराला हा प्रसंग सोडवणार नाही. कालिदासाने तो पाचव्या अंकात ठेवला खरा, पण त्याचा कणा काढून घेतला. शापामुळे राजा खोटे बोलत नाही, तो खरोखरच विसरला आहे. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे. संघर्षाला लागणारा अपराधीच उरला नाही. (यात शकुंतलेवर अन्याय झाला, महाभारतातील तिचा करारीपणा हरपला, असे म्हणणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे; पण तो वेगळा लेख होईल.)

त्याच्या बदल्यात कालिदासाने मिळवले ते चौथ्या अंकात दिसते. शाप प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि निघालेल्या मुलीला ठाऊक नाही. राजाने ओळखायला वेळ लावलाच तर ही अंगठी दाखव, असे सख्या जाता जाता सुचवतात तेव्हा तिचा थरकाप होतो; आपला होतो तो निराळ्या कारणाने. पाडसाने धरलेला पदर, कण्वाचा उपदेश, झाडांचा निरोप, या सगळ्यांना जे वजन येते ते घटनेचे नसून आपल्याजवळच्या माहितीचे आहे. हे वजन एका जागी साठत नाही. तेलासारखे पसरते, पाचव्या-सहाव्या अंकांतून वाहत जाते आणि सातव्या अंकात मारीच ऋषी शापाची हकिकत उघड करतात तेव्हाच दोघांच्याही मनावरून उतरते. विश्वनाथाने साहित्यदर्पणात विमर्शसंधीची व्याख्या करताना शापादिकांनी आलेल्या विघ्नाचा उल्लेख केला आहे; त्याला या रचनेचे मर्म कळले होते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासातही या अंकाचा एक दाखला आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा जो प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच होता. सातही अंक नंतर आले. म्हणजे मराठी संगीत नाटकाचा युगारंभ ज्या प्रयोगाने झाला त्यात ना राजसभेतला नकार होता, ना पुनर्मीलन. निरोपावर पडदा पडला. संगीताची मोहिनी मोठी होती हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की त्या प्रेक्षकाला काही अपुरे वाटले असते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

मग टिंब आला कोठून? विद्यापीठांतून शिकवला जाणारा शेक्सपिअर, आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) आणि देवलांचे 'झुंजारराव' (१८९०) यांसारखी रूपांतरे यांनी संघर्षप्रधान नाटकाची चव लावली. पुढे मासिकांतल्या एका बैठकीत वाचायच्या कथेला चढण आणि टोक हवेसे झाले आणि ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन'ने (१९३१) तंत्राला प्रतिष्ठा दिली. गंगाधर गाडगीळांच्या पिढीने त्या तंत्राविरुद्ध बंड केले. ते सर्वपरिचित आहे. बंड पचले, पण प्रश्नपत्रिका बदलली नाही.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'कडे (१९६७) या बाजूने पाहावे. वरवर पाहता येथे उत्कर्षबिंदू शोधायला श्रमच नाहीत: लीला बेणारेचे अखेरचे स्वगत. परंतु ते नेमके कोठे आहे? आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात. ती बोलते, आपण ऐकतो. आणि वेळ संपली की न्यायाधीश पुढचे कामकाज असे चालवतात, जणू ती काही बोललीच नाही. नाटकाच्या जगात ते स्वगत उच्चारलेच गेलेले नाही. नेपथ्यातला शाप जिने ऐकायचा तिने ऐकला नाही. हे स्वगत ज्यांनी ऐकायचे त्यांनी ऐकले नाही. दोन्ही ठिकाणी ऐकणारे आपण. तेंडुलकरांनी शाकुंतलाचे अनुकरण केले असे सुचवायचे नाही, तसे मानायला आधारही नाही. मात्र त्रिकोणाच्या टोकाला जो परिणाम घडायचा, म्हणजे त्यानंतर काहीच पूर्वीसारखे राहू नये, तो येथे होत नाही. खटल्याचा निकाल लागतो, मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात, बेणारे निपचित पडून राहते. आणि ज्याचा या मंडळींशी फारसा संबंध नाही तो सामंत, पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट अवघडून तिच्याजवळ ठेवतो.