नायगावचं पाणी आणि माणशी अर्धा एकर

परवा सासवडला चहाच्या टपरीवर पाण्याचा विषय निघाला. एक तरुण मित्र मोठ्या उत्साहात सांगत होता, गावानं श्रमदान केलं, नाला खोल केला, यंदा विहिरी भरल्या. बाजूच्या बाकड्यावर बसलेले एक बाबा एवढंच म्हणाले, "आडवलं ते झ्याक झालं. पण दिलं कुणाला, ते सांग की."

तो गडी गप्प झाला. खरं सांगायचं तर मीही गप्प झालो. कारण ज्या पुरंदर तालुक्यात आपण बसलो होतो, तिथंच पन्नास वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं होतं. लिहून ठेवलं होतं, अमलात आणलं होतं. आज ते निम्म्या तालुक्याला माहीत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, सवडीनं वाचा.

१९७२ चा दुष्काळ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तारीख सांगता येणार नाही पण 'बहात्तर' म्हटलं की पुढचं सगळं आपोआप बाहेर येतं. अमेरिकेची लाल मिलो, सुकडी, आणि रस्त्याकडेला बसून फोडलेली खडी. माझी आजी खडी फोडायला जायची. तिला सुकडीचा वास शेवटपर्यंत सहन होत नव्हता. त्या काळात राज्यभरात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसं होती. खडीचे ढीग लागले. रस्ते किती झाले, हा वेगळा विषय.

पुण्याचे एक इंजिनिअर-कारखानदार, विलासराव साळुंखे, तेव्हा ही कामं बघायला पुरंदरमध्ये आले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. एवढे हात राबतायत, मग खडीच का फोडायची? याच हातांनी ताली घातल्या, पाझर तलाव बांधले, तर पुढच्या दुष्काळात ही माणसं रस्त्यावर येणार नाहीत. त्यांनी हे सरकारदरबारी मांडलं. 'बघू' म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं आणि नायगावला देवस्थानची ४० एकर जमीन खंडानं घेतली. नायगाव म्हणजे तालुक्याचा पूर्वेचा भाग, पावसाच्या सावलीतला. जमीन उताराची, मुरमाड, वरची माती वाहून गेलेली. विलासराव आणि कल्पनाताई तिथं राहायला लागले. गावातल्या लोकांना सुरुवातीला हे शहरी खूळ वाटलं असणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. अशी खुळं येतात, फोटो काढतात आणि जातात.

हे मात्र गेले नाहीत. उताराला आडवे समतल बांध पडले, पायथ्याला पाझर तलाव झाला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली आणि तिचं पाणी पंपानं वरच्या शिवारात चढवलं. काही वर्षांत त्याच माळावर पीक उभं राहिलं. यात चमत्कार नव्हता. पाणी पळतंय त्याला चालायला लावायचं, चालतंय त्याला थांबायला लावायचं, एवढीच त्यामागची समज.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. महाराष्ट्रात अशा गावांच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सांगताना आपण नेहमी इथंच थांबतो. पाणी आलं, गाव हिरवं झालं, टाळ्या. नायगावच्या कामाचं खरं मोठेपण यापुढं सुरू होतं.

आजूबाजूच्या गावातले लोक म्हणायला लागले, आमच्याकडेही योजना करा. तेव्हा प्रश्न आला, पाणी कुणाचं? नेहमीचं उत्तर, ज्याची जमीन त्याचं. म्हणजे वीस एकरवाल्याला वीस एकराचं, दोन एकरवाल्याला दोन एकराचं, आणि ज्यानं बांध घालताना पाट्या उचलल्या पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याला काहीच नाही.

पाणी पंचायतीनं हे उत्तर नाकारलं. १९७९ पासून या नावानं काम सुरू झालं आणि नियम असे ठरले: योजना एकट्यादुकट्याला नाही, गटालाच. पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, गटाकडे परत येतं. भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस लावायचा नाही.

आता हिशोब करा. शेजारी-शेजारी दोन घरं, दोन्हीकडे पाच-पाच माणसं. एकाला वीस एकर रान, दुसऱ्याला तीन एकर. पाणी दोघांनाही अडीच एकराचंच. आणि ज्याला रानच नाही, त्यानं आपलं पाणी घेऊन दुसऱ्याच्या रानात वाट्यानं पीक करायचं. म्हणजे त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी आलं, जे वीस एकरवाल्याला हवं होतं. बाकी काही नाही तरी बोलण्याची पट्टी बदलली असेल, हे आपल्या गावाकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

उसाचा नियम सगळ्यात अवघड. पाणी दिसलं की आपल्याला ऊसच दिसतो, शेवटी कारखान्याची पावती म्हणजे हमखास पैसा. पण एका एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात चार एकर ज्वारी आरामात निघते. गटातल्या एकानं ऊस लावला तर तो दुसऱ्या तीन घरांचं पाणी पितो. हे व्यासपीठावरून बोलायला सोपं आहे. बैठकीत चुलत्याला तोंडावर सांगायचं, "तात्या, ऊस उपटावा लागंल," हे अवघड. नायगावचा इतिहास लिहायचा तर हे सांगणाऱ्यांचा लिहायला पाहिजे.

ती माणसं कोण होती? गटाचा प्रमुख, जो स्वतःचं रान सोडून ऑफिसांचे हेलपाटे मारायचा. हिशोबाची वही ठेवणारा. आणि पाटकरी. या गड्यावर सगळी भिस्त. कुणाचं दारं कधी फोडायचं, कुणाचं कधी बंद करायचं, रात्री लाइट आली की पंपावर कोण जाणार, हे तो बघायचा. नियम कागदावर साळुंख्यांनी लिहिले, पण दर पाळीला ते जिवंत ठेवले या लोकांनी. त्यांच्या नावाची कोनशिला कुठं मला दिसलेली नाही.

पैशाचंही बघा. योजनेच्या खर्चातला २० टक्के हिस्सा लाभधारकांनी आधी उभा करायचा, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. दुष्काळातून उठलेल्या माणसाकडून २० टक्के मागायचे, हे वरवर निर्दय वाटतं. मला ते बरोबर वाटतं. फुकट आलेल्या पाइपाची गळती कुणी बघत नाही, आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

याच सुमाराला तिकडं सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातही असंच काहीतरी शिजत होतं. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार गावी परतले होते, वर दुष्काळ. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उचलून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीत जमलेले हे लोक म्हणाले, वाळू आमच्या नदीची, तर थोडी आम्ही विकतो आणि त्या पैशातून धरण बांधतो. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ते बांधलंही. इंजिनिअर के. आर. दाते, भारत पाटणकर असे लोक सोबत, शहरातले विद्यार्थी श्रमदानाला. नाव दिलं बळीराजा धरण. आणि तिथंही पाणी वाटताना भूमिहीनाला हक्क धरला होता. म्हणजे माणशी पाणी हे एकट्या साळुंख्यांच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. दुष्काळानं पोळलेल्या लोकांना ते पटत होतं.

मग मोडलं कुठं? कारण मोडलं, हे मान्य केलं पाहिजे. पुरंदरमधल्या बऱ्याच गटांच्या योजना पुढं बंद पडल्या. पंप जळाले, वीजबिलं थकली. ज्यांच्याकडे चार पैसे आले त्यांनी स्वतःची विहीर, मग बोअर घेतली. ज्याची बोअर झाली तो बैठकीला येईनासा झाला. जमिनीखालचं पाणी कुणी माणशी मोजत नव्हतं, तिथं ज्याची मोटार मोठी त्याचं पाणी. म्हणजे वर नियम आणि खाली मोकळं रान. २००२ मध्ये विलासराव गेले. एक गोष्ट कटू वाटली तरी लिहितो: नियमांचा धाक बराचसा त्यांच्या माणूसपणाचा होता. नियम मान्य असतील तर मदत, नाहीतर नाही, हे ते ठामपणे सांगू शकायचे. गावानं स्वतः एकमेकांना तसं सांगायची सवय सगळीकडे रुजली नाही.

सरकारनं २००५ मध्ये पाणीवापर संस्थांचा कायदा केला. पाणी मोजून द्यायचं, संस्थेनं वाटायचं, हे त्यात आलं. चांगलंच आहे. पण सभासद तोच, ज्याची लाभक्षेत्रात जमीन आहे. भूमिहीन पुन्हा बांधावर.

आज आपल्या तालुक्यात पुरंदर उपसा योजनेनं मुळा-मुठेचं पाणी येतं, पुण्यानं वापरून सोडलेलं. मागणी नोंदवायची, पैसे भरायचे. ज्याचं शेततळं त्याचं पाणी. अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालंय, सीताफळ बाजार मारतंय, मला त्याचा आनंदच आहे. पण विमानतळाच्या निमित्तानं जमिनीचे भाव, सातबारा, मोबदला यावर जेवढी चर्चा आपल्या ग्रुपवर होते, त्यातली किती चर्चा बिनसातबाऱ्याच्या माणसाची असते, हे एकदा मागं जाऊन वाचून बघा. मी बघितलं.

एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी पाणी पंचायतीच्या गटाची जुनी वही, पाळीपत्रक, पावती, फोटो असेल तर रद्दीत घालू नका. कुणाचे आजोबा किंवा चुलते पाटकरी होते, तर त्यांच्याशी बसून बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. ऊस उपटायला लावला तेव्हा बैठकीत नक्की काय बोलणं झालं, तेवढं विचारा. कॉमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मी येतो. टपरीवरच्या बाबांकडे रविवारी जाणारच आहे, ते गटात होते असं नंतर कळलं.