घेवड्याचा वेल आणि घरखर्च

घरखर्चाचा विषय निघाला की तो बायकांचा म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. इतिहासकारही लढाया मोजतात. चुलीपर्यंत त्यांची नजर क्वचितच पोहोचते. पण कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीच्या परिसरात श्रद्धेच्या मोठ्या कथा गरिबाच्या स्वयंपाकघरात घडतात.

नरसिंहसरस्वती येथे बारा वर्षे राहिले, असे परंपरा सांगते. 'गुरुचरित्रा'च्या अठराव्या अध्यायातील कथा अमरापूरची. पैलतीरावरचे औरवाड ते हेच, असे मानतात. भिक्षेवर जगणाऱ्या एका ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाही, की शेंगांवर घर भागत असे. एके दिवशी स्वामी आले, शेंगांची भाजी जेवले आणि जाताना वेल तोडून गेले. घरात रडारड झाली. पुढे वेलाचे मूळ खणताना धनाचा हंडा सापडला. शिरोळची कथाही याच वळणाची. घरात जोंधळ्याच्या कण्यांखेरीज काही नव्हते, वाढायला पात्रही नव्हते. गृहिणीने दगडावर वाढले. तिथे भोजनपात्राचे मंदिर आहे.

चमत्कार भाविकांचा, आम्हाला त्यातले घर दिसते. सगळा संसार एका वेलावर टांगलेला, म्हणून वेल जाताच आकांत. कथा ऐकणाऱ्यांना असे घर ओळखीचे असले पाहिजे.

वाडीच्या आख्यायिकांत एक धागा विजापूरचाही आहे. आदिलशहाच्या मुलीला येथे दृष्टी आली, म्हणून त्याने मंदिर बांधले आणि खर्चासाठी औरवाड, गौरवाड ही गावे नेमून दिली, असे सांगतात. मंदिराला शिखर नाही. देवाच्या घरालाही दिवाबत्तीची कायमची तजवीज लागते, हे त्या आख्यायिकेतल्या सुलतानाला उमगले होते.

विसाव्या शतकात सहकारी साखर कारखाने आले आणि जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. पैसा आला, पण उसाचे बिल हप्त्याने मिळते आणि किराणा रोज लागतो. ऊस हाच आता घरचा एकमेव वेल झाला. त्यात 2005, 2019 आणि 2021 चे महापूर. शिरोळ तालुक्यातील कितीतरी घरांत धान्याची पोती, अंथरुणे, मुलांची दप्तरे पाण्यात गेली.

यूसुफ अलैहिस्सलाम यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सुकाळाच्या सात वर्षांत खाण्यापुरते काढा, बाकीचे धान्य कणसातच राखा, असा त्यांचा सल्ला होता. तो आपल्या घराला लावून पाहावा. बिल हाती येताच वर्षाची ज्वारी, गहू, डाळी आणि मुलांची फी आधी बाजूला काढावी. धान्य माळ्यावर, पाण्याच्या रेषेच्या वर ठेवावे. रोज मटण परवडत नाही म्हणून दस्तरखान हलका होत नाही. भाकरी, पावटा, घेवडा, मसूर यांनी अंगात ताकद राहते आणि चार पैसेही उरतात. घरच्या बाईने एखादी शेळी, चार कोंबड्या, शिवणयंत्र किंवा बचत गट धरला, तर तो दुसरा वेल होय. हिशेबाची वही तिच्याच हाती असावी.

आणि लग्नकार्य शिलकीतून व्हावे. पैगंबरांनी वलीमा करायला सांगितला तो एका बकरीचा का होईना. त्यासाठी शेत गहाण टाकायला सांगितलेले नाही. इसराफ हा गुनाह आहे, हे आपण मिंबरवरून ऐकतो. ते मांडवातही आठवले, तर घरात बरकत राहील.