जून १९५५चा अंक

१९५५चा जून सुरू झालाय आणि इंग्लंडात आगगाड्यांचा संप चालू आहे. सरकारने आणीबाणी पुकारलीय. जो तो मिळेल त्या वाहनाने कामावर निघालाय, त्यामुळे लंडनच्या रस्त्यांवर मोटारींची दाटी आहे. तुम्ही पायी चालत कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या दुकानात शिरता. तंबाखू, गोळ्या-बिस्किटं, दोरीने बांधलेले पेपरांचे गठ्ठे. ‘मोटर स्पोर्ट’ मासिक मागितल्यावर तो मान वरही न करता हिरव्या मुखपृष्ठाचा अंक तुमच्या हातात ठेवतो.

उघडून बघा. आधी जाहिराती, मग आणखी जाहिराती. जुन्या बेंटली विकणारे, स्पार्क प्लगवाले, टायरवाले, तेलवाले. तेव्हा सगळं कसं निर्मळ होतं, ही समजूत इथेच सोडून द्या. हा अंकही धंदाच आहे. मालक वेस्ली टी हे पैशाला घट्ट म्हणून ओळखले जातात. पण जाहिरातींची पानं संपली की मजकूर सुरू होतो, आणि तो मात्र कुणाला विचारून लिहिलेला नसतो. अक्षर बारीक, रकाने गच्च, फोटो काळे-पांढरे. लेखाखाली पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं. डब्ल्यू.बी. म्हणजे संपादक बिल बॉडी, १९३६पासून या खुर्चीत. डी.एस.जे. म्हणजे डेनिस जेन्किन्सन, युरोपातला वार्ताहर. ठेंगणा, दाढीवाला, जाड चष्म्याचा माणूस. १९४९ साली एरिक ऑलिव्हरच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून हा जगज्जेता झालाय. बसून म्हणजे काय, तर वळणावर जमिनीला घासेल इतका बाहेर झुकून गाडीचा तोल सांभाळत.

याच अंकात त्याचा इटलीतल्या मिल्ये मिलिया या शर्यतीवरचा लेख आहे. तिथेच थांबा. बाकी अंक नंतर वाचा.

तुम्ही वाचू लागता आणि दुकान मागे पडतं. १ मे, सकाळ, ब्रेशा. उतरत्या फळीवरून एकेक गाडी मिनिटामिनिटाला खाली सुटतेय. तुमच्या मर्सिडीझ ३०० एसएलआरवर लाल आकडा आहे ७२२, म्हणजे सुटण्याची वेळ ७ वाजून २२ मिनिटं. डावीकडे स्टर्लिंग मॉस, पंचविशीतला. उजवीकडे जेन्किन्सन, आणि त्याच्या हातात एक अॅल्युमिनियमची डबी. डबीत दोन रुळांवर गुंडाळलेला सुमारे १८ फुटी कागद, जुन्या जन्मपत्रिकेच्या भेंडोळ्यासारखा. पारदर्शक खिडकीतून एका वेळी काही ओळीच दिसतात. रस्त्याचं प्रत्येक फसवं वळण, प्रत्येक आंधळा चढ, प्रत्येक रेल्वे फाटक त्यात उतरवलंय. त्यासाठी दोघांनी आधी येऊन हा रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला. बोलून काही ऐकू येण्याची आशा नाही. कानाला लावायचं बोलयंत्र वापरून पाहिलं होतं, पण मॉसचं लक्ष गाडी हाकण्यात इतकं रुतलेलं असे की कानावर पडलेलं डोक्यात शिरत नसे. म्हणून हाताच्या खुणा ठरल्या, पंधराएक.

तर बघा. पुढे चढ आहे आणि चढापलीकडे काय आहे ते दिसत नाही. मॉस सहज पाय उचलेल अशी जागा. जेन्किन्सन कागदावर बोट फिरवतो आणि हाताने खूण करतो : सरळ आहे, पूर्ण वेगात जा. मॉस पाय उचलत नाही. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग, चढ संपतो आणि चारही चाकं जमीन सोडतात. एकाने कागदावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने त्या माणसावर.

पाडुआला गाडी वळणावर जास्त वेगात शिरते, गवताच्या गठ्ठ्यांवर आदळते, आणि कास्तेलोत्ती फेरारीतून पुढे निघून जातो. तेही लिहिलंय. पोटात ढवळून बाहेर तोंड काढल्यावर वाऱ्याने चष्मा उडवून नेला, तेही लिहिलंय. दुसरा चष्मा जवळ होता म्हणून निभावलं. पेस्कारा, रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या आणि परत ब्रेशा : १० तास, ७ मिनिटं, ४८ सेकंद. सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून जास्त, तीही गावांमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवर. एकटाच गाडी चालवणारा फांजिओ दुसरा आला, अर्ध्या तासाहून अधिक मागे.

तुमच्या मनात शंका येईल, यायलाच हवी. हा वार्ताहर कंपनीच्या गाडीत, कंपनीच्या कृपेने बसला, मग तो स्वतंत्र कसला? शंका रास्त आहे. पण त्याने त्या आसनाची किंमत दिली. गाडी भिंतीवर गेली असती तर तो मॉससोबत मेला असता. आणि त्या दहा तासांतलं त्याचं काम शर्यतीचं होतं, कंपनीच्या प्रसिद्धीचं नव्हतं. गाडी कुठे घसरली, चूक कुठे झाली, हे त्याने वाचकाला सांगितलं, कारण तो वाचकाच्या वतीने तिथे बसला होता. आजच्या सहलींशी याची तुलना करून बघा. कंपनी पत्रकारांना विमानाने नेते, हॉटेलात उतरवते, नव्या गाडीत दोन तास फिरवते, आणि पुढच्या अंकात सगळ्यांची वाक्यं सारखीच उमटतात.

दुकानात परत या. तुमच्या शेजारी एक तरुण तोच अंक चाळतोय. नखांत काळं ग्रीस, बहुधा गॅरेजात काम करणारा. ड्रायव्हर अस्कारी मोन्झाला अपघातात गेला त्याला आठवडा झाला, त्याबद्दल तो हळहळतो. मग म्हणतो, आता ले मांच्या शर्यतीत फांजिओ आणि मॉस एकाच मर्सिडीझमध्ये, बघाच. तुम्हाला ११ जून माहीत आहे. तिथे मर्सिडीझ प्रेक्षकांत घुसणार आहे, ऐंशीहून जास्त माणसं मरणार आहेत. तुम्ही त्याला काय सांगणार? १९५७ साली मिल्ये मिलियासुद्धा अशाच अपघाताने कायमची बंद पडेल, मेलेल्यांत मुलंही असतील. या काळाची ओढ लागलेल्याने हे विसरायचं नाही. मला ते दिवस परत नको आहेत. मला त्या दिवसांचा वार्ताहर परत हवा आहे.

पान उलटा. २० जुलै १९६८, ब्रँड्स हॅच, ब्रिटिश ग्राँ प्री. एव्हाना लोटस संघाची गाडी हिरवी राहिलेली नाही. लाल-पांढरी-सोनेरी झालीय, गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटासारखीच. एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला ड्रायव्हर जिम क्लार्क अपघातात गेला तो याच रंगांच्या गाडीत. पण आज जिंकते ती दुसरीच लोटस, गडद निळी, नाकावर पांढरा पट्टा. ही रॉब वॉकरची. वॉकर गाडी बनवत नाहीत, लोटसकडून घेतात आणि स्वतःच्या हौसेने शर्यतीत उतरवतात. ड्रायव्हर जो सिफर्ट. सिगारेटच्या दोन्ही गाड्या पुढे असताना बिघडून बाहेर पडतात आणि हौशी माणसाची गाडी पहिली येते. वॉकरच्या गाडीचा हा शेवटचा विजय.

कुंपणाशी उभे राहून तुम्ही हे बघताय खरं, पण बहुतेक चाहत्यांच्या नशिबी ते नाही. दूरचित्रवाणीवर शर्यती क्वचितच. बीबीसीचा ‘ग्राँ प्री’ हा कार्यक्रम यायला अजून दहा वर्षं आहेत. म्हणून वाचणं म्हणजेच बघणं. १९५०मध्ये ग्रेगर ग्रँटने काढलेला ‘ऑटोस्पोर्ट’ दर आठवड्याला येतो. त्यात ग्राँ प्री असते, आणि कुठल्याशा जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवरची, शनिवारी दुपारची क्लबची शर्यतही असते. पहिला, दुसरा, तिसरा, सर्वांत वेगवान फेरी, सगळं बारीक टाइपात. आपल्या गावचा पोरगा तिसरा आला हे तिथेच कळतं.

‘मोटर स्पोर्ट’मध्ये डी.एस.जे. अजून आहे. युरोपभर आधी पोर्श, मग ई-टाइप जॅग्वार पिटाळत तो शर्यतीला येतो. सरावाच्या पहिल्या दिवसापासून गॅरेजांत वाकून बघतो. कुठल्या गाडीचा सांगाडा कोणत्या क्रमांकाचा, सस्पेन्शनचा दांडा मागच्या वेळेपेक्षा कुठे हलवलाय, इंजिन बदललं की तेच, हे शर्यतीच्या वृत्तांतानंतर वेगळ्या टिपणात येतं. हौशी वाचक आधी ती टिपणं वाचतात. पन्नास वर्षांनी कुणी एखादी जुनी गाडी दुरुस्त करायला घेईल, तेव्हा ती खरी कोणती आणि बनावट कोणती हे ठरवायला याच टिपणांचा आधार लागेल.

त्याचं सगळंच पटतं असं नाही. ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट सुरक्षेसाठी झगडत होता आणि जेन्किन्सन त्याच्या विरोधात लिहीत होता. स्टुअर्ट बरोबर होता. त्याच्यामुळे माणसं वाचली. जेन्किन्सन साफ चुकला असं मी म्हणेन. पण ती चूक त्याची स्वतःची होती. कुणी जाहिरातदाराने सुचवलेली नव्हती. म्हणून तिच्याशी भांडता येत होतं. स्टुअर्टही भांडला, त्याच मासिकाच्या पानांवर.

आणखी पानं उलटा, भराभर. सिगारेटमागून दूरचित्रवाणीचा पैसा येतो, पॅडॉकला, म्हणजे संघांच्या आवाराला, दारं लागतात, दारांवर पास. संघांकडे प्रसिद्धी अधिकारी येतात. १९९६मध्ये ‘एफ-वन रेसिंग’ निघतं, चकचकीत, ड्रायव्हरच्या चेहऱ्यांनी भरलेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेन्किन्सन जातो. १९९७मध्ये ‘मोटर स्पोर्ट’ हेमार्केट कंपनी विकत घेते. ‘ऑटोस्पोर्ट’ तिचंच, ‘एफ-वन रेसिंग’ही तिचंच. एका छताखाली तिन्ही. नव्या संपादकाने जुन्या शर्यतींना मान दिला, हे खरं. म्हातारे बॉडीही २०११ साली जाईपर्यंत लिहीत राहिले. पण एका घरातली भावंडं एकमेकांच्या चुका चव्हाट्यावर मांडत नाहीत. पूर्वी एकाने दडवलेलं दुसरा छापेल ही धास्ती होती, ती गेली.

आता आजच्या पॅडॉकमध्ये उभे राहा. कुंपणाच्या आत ड्रायव्हर, बाहेर माइक. त्याच्या खांद्याशी प्रसिद्धी अधिकारी, हातात रेकॉर्डर. प्रश्न विचारायची संधी चौघांना, मिनिटं मोजकी. टोपीवर एक कंपनी, छातीवर सहा. तो म्हणतो, संघाने उत्तम काम केलं, आम्ही आकडेवारी तपासू. गॅरेजात वाकून बघायला गेलात तर समोर पडदा येईल. वार्ताहर आळशी झाले असं मी म्हणणार नाही. त्यांतले कित्येक रात्रभर जागून लिहितात. पण कडू लिहिलं तर पुढच्या वेळी मुलाखत मिळणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. आणि मासिकाच्या मधल्या पानावर ज्या घड्याळाची जाहिरात आहे, तेच घड्याळ मुलाखतीतल्या ड्रायव्हरच्या मनगटावर असतं. १९५५च्या टायरवाल्याला आपला टायर जिंकला हे सांगायला पान हवं होतं. आजच्या घड्याळवाल्याला शेजारचा मजकूरही हवा आहे.

ऑगस्ट २०१९मध्ये ‘ऑटोस्पोर्ट’ची किंमत ३.९९ पौंडांवरून १०.९९ पौंडांवर नेण्याची घोषणा झाली. चाहते खवळले. लहानपणापासून दर गुरुवारी अंक घेणारी माणसं होती ही, बापाने लावलेली सवय मुलाला लावणारी. छपाई परवडत नाही हे त्यांना कळत होतं. त्यांचा राग पैशापुरता असता तर लवकर निवला असता. इतके दिवस ज्यांनी साप्ताहिक जगवलं, त्यांना शेवटी निव्वळ गिऱ्हाईक समजलं गेलं, हे त्यांना लागलं.

तुम्हीही कागद घ्या आणि संपादकांना लिहा. बॉडींच्या काळात वाचक लिहायचे तसं, लांबलचक, तपशिलाने, भीड न ठेवता. लिहा की किंमत वाढवा, मी देईन. पुढच्या वर्षी एक माणूस सगळ्या हंगामावर पाठवा, त्याचं विमान, हॉटेल, जेवण तुमच्या खर्चाने. तो कुठल्याही संघाच्या तंबूत पाहुणा म्हणून जेवणार नाही. मुलाखती मिळाल्या नाहीत तर नकोत. वळणावर उभं राहून कोण आधी ब्रेक दाबतो, कुणाची गाडी कुठे थरथरते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहावं. पडदा वाऱ्याने हलला आणि एखादा दांडा नवा दिसला तर तोही लिहावा. खाली त्याची आद्याक्षरं घाला. अशी पहिली चार पानं छापून आली की माझी वर्षाची वर्गणी आगाऊ घ्या, आणि माझ्या मुलाचीही.