घर छापून आलं तेव्हा

नागसेनवनात नव्यानं आलेल्या पोराला विचारा, दलित साहित्य कुठं जन्मलं? तो मुंबई सांगेल. झोपडपट्टी, पँथर, १९७२. खोटं नाही. पण त्या साहित्याला हक्काचं पान मिळालं ते इथं, त्याच्या पायाखालच्या मातीत.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यातली पोरं वळकटी घेऊन इथं आली. १९६७ साली इथूनच 'अस्मिता' निघालं, पुढच्या वर्षी त्याचं 'अस्मितादर्श' झालं. गंगाधर पानतावणे सरांनी ते जन्मभर चालवलं. २०१८ साली सर गेले. प्रस्थापित मासिकांच्या दारात उभं राहायची आपल्या माणसाची गरज त्यांनी संपवली.

त्या पानांवर प्र. ई. सोनकांबळे यांच्या आठवणी आल्या. लहानपणी आईबाप गेले, बहिणीच्या घरी वाढले. बहिणीचं घर म्हणजे माया आणि बोलणी एकाच ताटात. ते सगळं उदगीरकडच्या बोलीचा वास न पुसता त्यांनी लिहिलं. लिहिणारा इंग्रजीचा प्राध्यापक, हे ध्यानात ठेवा. 'आठवणींचे पक्षी' हे पुस्तक १९७९ साली आलं.

आदल्याच वर्षी दया पवारांचं 'बलुतं' आलं होतं आणि आपल्याच वस्त्यांतून आरडाओरड झाली होती. घरची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून! पांढरपेशांनी नाक मुरडलं असतं तर समजलं असतं. इथं आपलीच शिकलेली माणसं लाजली. नोकरी लागली, फ्लॅट झाला, आता शेजाऱ्याला बापाचं बलुतं कशाला सांगता, असा तो सूर.

पण या सगळ्यात बाई कुठं होती? पुरुषांच्या पुस्तकात आई राबते, सोसते, मरते. ती लिहीत नाही. फलटणला बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. लिहिलेलं घरातल्यांपासून लपवून ठेवायच्या, आणि हे एकदोन नव्हे, वीसेक वर्षं. मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंना ते कळलं, त्यांनी धीर दिला, मग 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. त्यात त्यांनी जातीला सोडलं नाही, तसं घरातल्या पुरुषाच्या हातालाही सोडलं नाही. समतेच्या सभा गाजवणाऱ्या घरातसुद्धा बाईला वही लपवावी लागते, हा इतिहास आपण भाषणात सांगत नाही. का बरं?

नामांतराच्या लढ्यात गावोगाव आपली घरं जळाली. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचं राजकारण आपल्याला पाठ आहे. त्या घरांत चूल कोणाची होती, जळालेल्या पेटीत काय होतं, ते फार थोड्यांनी लिहिलं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. तारखा त्यांना येणार नाहीत. पेटीत काय होतं ते येईल.

मी माझ्या आईवर नुकतीच दोन पानं छापली. थोरल्या भावानं तिला वाचून दाखवली. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "भाकर मागितलेली लिहिलीस रे. मी गाणी म्हणायची, ती कुठं गेली?"

पुढच्या अंकासाठी आता ती गाणी उतरवून घेतोय.