डेंटल हायजिनिस्ट : हिरड्यांचा राखणदार

दातांवरील कीटण काढणे, हिरड्या तपासणे आणि रुग्णास ब्रश करण्याची योग्य पद्धत शिकविणे, हे डेंटल हायजिनिस्टचे काम. अमेरिकेतील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले. भारतात १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायास मान्यता दिली.

काम वरकरणी सोपे भासते. मात्र दिवसभर वाकून बारीक हालचाली कराव्या लागत असल्याने मान, पाठ व मनगटांची दुखणी जडतात. त्याहून कठीण असते ते रुग्णाचे मन वळविणे. हिरड्यांतून रक्त येताच अनेक जण ब्रश करणे टाळतात आणि आजार फारशा वेदनेविना बळावतो. दात हलू लागण्यापूर्वी रुग्णास सावध करणे, यातच या व्यवसायाचे सार्थक आहे.